साहेबांचा गुडघा दुखेपर्यंत

मावशीचा उजवा गुडघा दुखतो हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल कोणी काही विचारत नव्हतं. कोपऱ्यावरचा दिवा लुकलुकतो, नळाला सकाळी आधी गढूळ पाणी येतं, तसा मावशीचा गुडघा दुखतो. त्यात विचारायचं काय?

मावशीची लाँड्री म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एकच खोली. मधोमध लांब टेबल, त्यावर जाड चादरींच्या घड्या घालून केलेली गादी, गादीवर जुन्या इस्त्रीचे पिवळे डाग. एका भिंतीला इस्त्री न केलेले कपडे, दुसऱ्या भिंतीला केलेले, आणि दोन्हींच्या मध्ये दिवसभर उभी मावशी. इस्त्री बसून होत नाही. बसून केली तर नुसती फिरते, घडी काही धरत नाही. अंगाचा भार टाकावा लागतो, आणि भार टाकायला पाय लागतात. कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं. अधूनमधून मावशी त्यावर टेकायची, पाय लांब करायची, गुडघ्यावरून हात फिरवायची आणि 'चला' म्हणून उठायची. त्या स्टुलाच्या जिवावर गुडघा चालला होता आणि गुडघ्याच्या जिवावर दुकान.

मावशीचे यजमान, म्हणजे आपले काका, सायकलवरून टेकडीवरच्या बंगल्यांत कपडे पोचवायचे. त्यांच्या हाती इस्त्री द्यायची सोय नव्हती. काका बोलायला लागले की त्यांचा हात थांबायचा, आणि काका बोलायचे थांबत नसत. त्यापायी काही शर्ट कामी आले होते. तेव्हा गुडघ्याने एकदा हात टेकले, की दुकानाला कुलूप, हे मावशीला स्वच्छ दिसत होतं. रात्री अंथरुणावर पडली की तिला त्याचीच धडकी भरायची.

अशात एके सकाळी टाय लावलेला एक तरुण मोठा पांढरा खोका घेऊन दारात उभा राहिला.

"मावशी, 'बरोबरी' योजना आली," तो म्हणाला. "वर टेकडीवरच्या माणसाकडे डॉक्टर घरी जातो. तुम्हाला रांगेत उभं राहावं लागतं. खरं की नाही?"

"खरं रे बाबा."

"आता नाही. संगणकाने जोड्या लावल्यात. वरचा एक, खालचा एक. वरच्याला जो उपचार, तोच खालच्याला. डॉक्टर तोच, औषध तेच, दिवसही तोच. दोघांत कुठे फरक दिसला की यंत्र तो लगेच बुजवणार. फरक वरून पडो की खालून, यंत्राला दोन्ही सारखेच."

इतकं सरळ मावशीला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं. तिला एकदम भरून आलं. टायवाल्याने मात्र तोवर खोली न्याहाळली. यंत्राला प्लग जवळ हवा, जागा कोरडी हवी आणि समोर माणूस उभा राहील इतकी मोकळीक हवी. अशी जागा एकच होती. त्याने स्टुलावरचा मावशीचा पाण्याचा तांब्या उचलून खाली ठेवला आणि स्टुलावर खोका.

"तात्पुरतं हं," तो म्हणाला.

खोक्याला पडदा होता, डोळ्यासारखा कॅमेरा होता, रक्तदाब मोजायचा पट्टा होता आणि एक हिरवा दिवा होता. आवाज पुरुषाचा, मऊ, अदबशीर. पंख्याचा वारा त्याच्याकडे वळवावा लागला, कारण गरम झाला की तो कण्हायचा. दिवसातून दोनदा मऊ फडक्याने पुसावं लागायचं. घरातली सगळ्यात चांगली जागा अडवून बसायचं, वारा घ्यायचा, गोड बोलायचं आणि कामाच्या नावाने शंख. काकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव जावईबापू ठेवलं आणि ते गल्लीभर झालं.

तर जावईबापूंसमोर उभं राहून मावशी पहिल्यांदा म्हणाली, "माझा गुडघा दुखतो."

पडद्यावर गोल गोल काहीतरी फिरलं. "आपले जोडीदार टेकडीवरचे एक सन्माननीय उद्योजक आहेत," जावईबापू म्हणाले. "त्यांना गुडघ्याची तक्रार नाही. त्यामुळे आपल्या गुडघ्याबाबत कोणताही अन्याय झालेला नाही. अभिनंदन."

"अहो, पण दुखतो ना!"

"फरक शून्य," जावईबापू म्हणाले आणि हिरवा दिवा दोनदा लुकलुकला.

जोडीदार कोण ते काकांनी वर कपडे पोचवताना हुडकून काढलं. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचे मालक. आपल्याच बंगल्यात त्यांनी तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जायला लिफ्ट बसवलेली, आणि बागेतल्या ओट्यावर चढायला आणखी एक, चिमुकली. पायरी म्हणून त्यांच्या आयुष्यात आलेलीच नव्हती. त्यांचे गुडघे म्हणजे खोक्यातून न काढलेला माल.

"आली का पंचाईत," काका म्हणाले. "जगात एवढी माणसं, आणि तुला नेमका हा मिळाला."

मग उपचार सुरू झाले. साहेबांना झोप येत नव्हती, म्हणून मावशीला कानात घालायचे बोळे आले. त्यांतून समुद्र ऐकू यायचा. मावशी दिवसभर उभी राहून रात्री लाकडासारखी पडायची, तिला झोपेचं औषध कशाला? पण फरक पडला की दिवा लाल व्हायचा आणि जावईबापू सगळ्या गिऱ्हाइकांसमोर 'आपण आज समुद्र ऐकला नाही' म्हणायचे, म्हणून ती निमूट बोळे घालायची. साहेबांचे केस विरळ झाले, तेव्हा केसांचे तज्ज्ञ खाली आले आणि मावशीच्या जाडजूड अंबाड्याकडे बराच वेळ हताशपणे पाहत उभे राहिले. शेवटी त्यांनी आणलेले केस कुठे लावू म्हणून विचारलं. मावशीने नजरेनेच दार दाखवलं.

साहेब कसलासा चेंडूचा खेळ खेळायचे, त्यात त्यांचा कोपर लचकला. हाडांचे मोठे डॉक्टर गाडीतून गल्लीत उतरले. मावशीच्या कोपराला त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा बांधला. मावशीने संधी साधून पाय पुढे केला.

"डॉक्टर, जरा हा गुडघा..."

डॉक्टर विंचू चावल्यासारखे मागे सरले. "बाई, मला कोपर दिलाय. गुडघा पाहिला तर तुम्हाला जास्त मिळाल्यासारखं होईल. मग तो फरक कोण निस्तरणार?"

आणि गेले.

बाकी गल्लीतही आनंदच होता. समोर चपला शिवणाऱ्या अण्णांची जोडी टेकडीवरच्या एका गरोदर बाईशी लागली होती. अण्णांना रोज गोळ्या यायच्या, दर आठवड्याला एक नर्स येऊन त्यांच्या सपाट पोटावर यंत्र फिरवायची आणि 'सगळं छान आहे' म्हणायची. श्वासाचा वर्ग चालायचा तेव्हा अण्णा रस्त्यावर चटई टाकून फू फू करत पडलेले असायचे. पण त्या फू फूने त्यांचा जुना खोकला पळाला, त्यामुळे अण्णा योजनेवर खूश होते. "मला आठवा लागलाय," असं ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे आणि जड टाके दुसऱ्याकडून घालून घ्यायचे.

मावशीचं मात्र उलटंच झालं. स्टूल गेलं होतं. आता टेकायला जागा नव्हती. संध्याकाळी गुडघा टम्म फुगायचा आणि घरी जाताना ती भिंतीला धरून चालायची.

"जावईबापू," तिने एक दिवस विचारलं, "माझ्या गुडघ्याला औषध मिळायचं तरी कधी?"

"जोडीदारांचा गुडघा दुखेल, त्याच दिवशी," जावईबापू म्हणाले. "एका तासाचाही फरक होणार नाही."

मावशीने इस्त्री उभी केली. "मग दुखवू या," ती म्हणाली.

काकांनी डोक्याला हात लावला. "अगं, आता काय माणसाच्या तंगड्या मोडायला जाणार आहेस?"

"विचारून बघते. विचारायला काय जातंय?"

काकांच्या सायकलमागे बसून ती वर गेली. साहेब बागेत त्या चिमुकल्या लिफ्टने ओट्यावर चढत होते. गोल चेहऱ्याचा, मवाळ माणूस. बंगला मोठा आणि त्यात तो एकटा. मावशीला बघून तो इतका खूश झाला की मावशीलाच अवघडल्यासारखं झालं.

"म्हणजे तुम्हीच का त्या! माझ्या फोनवर रोज येतं, जोडीदार ठीक, जोडीदार ठीक. समुद्र कसा वाटला?"

"खारट," मावशी म्हणाली. मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि एका दमात सांगून टाकलं. "साहेब, राग मानू नका. तुमचा गुडघा जरा दुखवाल का? उजवा. तुमचा दुखल्याशिवाय माझ्याकडे कोणी बघत नाही."

साहेबांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. त्याची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली असावी. "करतो ना प्रयत्न," ते म्हणाले. "त्यात काय एवढं."

त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावून गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. बिचारे लंगडलेही, पण एकदा उजव्या पायाने आणि एकदा डाव्या. डॉक्टरांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. गुडघे इतके सुरेख निघाले, की डॉक्टरांनी ते फोटो विद्यार्थ्यांना दाखवायला मागून घेतले. दुखणं कुठेच नव्हतं. मग डॉक्टरांनी निदान केलं: गुडघा दुखत असल्याचा भ्रम. उपचार: समुपदेशन.

आणि बरोबरी म्हणजे बरोबरी. दुसऱ्या दिवशी मावशीच्या लाँड्रीत एक मऊ चपला घातलेल्या बाई आल्या.

"मावशी," त्या हळुवार म्हणाल्या, "तुमचा गुडघा दुखत नाहीये. तो दुखतोय असं तुम्हाला वाटतंय."

"असं?"

"हो. डोळे मिटा. गुडघ्याला प्रेमाने सांगा, तू दुखत नाहीस."

मावशीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना वाटलं, गुण येतोय. मावशीला वाटत होतं, की ही गरम इस्त्री उचलावी आणि हिच्या मऊ चपलांची कडक घडी घालावी. औषध नाही मिळालं, रांग मिळाली, तुसडेपणा मिळाला, ते सगळं तिने आजवर पोटात घातलं होतं. पण आहे तेही दुखणं काढून घेतलं, हे काही तिच्या पोटात मावेना. ती दिवसभर कोणाशी बोलली नाही. काकासुद्धा गप्प राहिले, यावरून काय ते समजावं.

संध्याकाळी गल्लीत मोठी गाडी शिरली. साहेब स्वतः उतरले. गाल लाल झालेले.

"मावशी, त्या बाईंनी तुम्हालाही तेच सांगितलं?"

"तेच. बरोबरी आहे ना."

"माझा शब्द माझ्या डॉक्टरांनी आजवर खाली पडू दिला नव्हता," साहेब म्हणाले. "भ्रम म्हणे! आता तर मी हा गुडघा दुखवूनच दाखवतो. तुमचा कशाने दुखला?"

"इथे उभं राहून."

साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला. "कुठे उभं राहायचं?"

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टवाले साहेब सकाळी लाँड्रीत हजर. मावशीने त्यांना उशांचे अभ्रे दिले, मग रुमाल. पहिला शर्ट त्यांनी जाळला, पण तो त्यांचाच होता म्हणून कोणी काही बोललं नाही. दुपारी गिऱ्हाईक आलं की ते अदबीने विचारायचे, "बाही दुमडून की सरळ?" अण्णा समोरून हातवारे करून त्यांना श्वास कसा सोडायचा ते शिकवायचे. मावशी एका कडेला, साहेब दुसऱ्या कडेला, आणि दोघांमध्ये टेकडीभरच्या माणसांच्या विजारी.

पण दैव बघा. उभं राहून साहेबांचा गुडघा काही दुखेना. उलट दिवसभर राबल्याने त्यांना रात्री झोप लागायला लागली. समुद्र बंद झाला. पोट आत गेलं. रक्तदाब जागेवर आला. इस्त्री मारून मारून कोपरसुद्धा सुटला. एकेक औषध बंद होत गेलं, वर आणि अर्थातच खालीही. मावशीच्या टेबलाशी उभा राहून माणूस ठणठणीत झाला होता, आणि मावशी मात्र आता टेबलाला धरल्याशिवाय वळू शकत नव्हती.

"अभिनंदन," जावईबापूंनी एके सकाळी जाहीर केलं. "जोडीच्या सर्व तक्रारी मिटल्या आहेत. महिनाअखेरीस ही जोडी यशस्वी म्हणून बंद करण्यात येईल."

"बंद म्हणजे?" मावशीने विचारलं.

"म्हणजे यापुढे आपल्याला उपचारांची गरज राहणार नाही."

साहेबांनी इस्त्री खाली ठेवली. माणूस मवाळ होता, पण शब्दाचा पक्का होता. त्या दिवसापासून त्यांनी बंगल्यातल्या दोन्ही लिफ्ट बंद केल्या. न केलेल्या कपड्यांची बोचकी खांद्यावर मारून ते टेकडी उतरायला लागले, केलेली घेऊन चढायला लागले. बंगल्याला जिना होता हे त्यांना तेव्हा कळलं. वर-खाली, वर-खाली. काका सायकलवर बाजूने जात त्यांना धीर द्यायचे, म्हणजे बोलत राहायचे.

महिना सरत आला आणि एका दुपारी बोचकं खाली ठेवताना साहेबांच्या उजव्या गुडघ्यात कट् असा आवाज झाला.

"आई गं!" साहेब ओरडले.

गल्लीत एकच जल्लोष. अण्णांनी हातातली चप्पल हवेत उडवली. काकांनी साहेबांना मिठी मारली. मावशी तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि साहेब जमिनीवर बसून, गुडघा धरून, रडता रडता हसत म्हणत होते, "दुखतोय! मावशी, खरंच दुखतोय हो!"

साहेबांना गाडीतून वर नेलं, आणि तासाभरात हाडांचे डॉक्टर टेकडीवर. त्यांनी साहेबांचा गुडघा दाबून, वळवून, वाकवून पाहिला. फोटो काढले. या खेपेला फोटोंत दुखणं सापडलं. मग तेच डॉक्टर खाली आले. मावशी केव्हाची सज्ज होती. तिने जन्मात पहिल्यांदा दुपारच्या वेळी इस्त्री बंद केली होती, आणि पाय धुऊन ती दाराशी उभी होती.

डॉक्टर गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. खिडकीतून त्यांनी एक पट्टा आणि मलम दिलं.

"अहो, बघा तरी," मावशी म्हणाली.

"गरज नाही. जोडीदारांचा पाहिलाय. तोच उपचार. पट्टा, मलम आणि पूर्ण आराम. उभं म्हणून राहायचं नाही."

गाडी गेली. मावशीने पट्टा बांधला, मलम चोळलं. मग तिने कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि इस्त्रीचं बटण चालू केलं. दुसरं काय करणार?

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "मावशी, हा फारच दुखतो हो! चमक मारतो, मध्येच सुन्न होतो, पुन्हा चमक." ते आपल्या गुडघ्याबद्दल भरभरून बोलत राहिले. नवीनच मिळाला होता, कौतुक असणारच. मावशी मानेत फोन धरून ऐकत राहिली आणि कफांना इस्त्री करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लाल झाला.

"फरक आढळला," जावईबापू म्हणाले. "जोडीदार आराम करत आहेत. आपण उभ्या आहात. फरक बुजवण्यात येत आहे."

काही क्षणांत फोन वाजला. साहेबांचा आवाज घाबराघुबरा. "मावशी! माझा यंत्राचा पलंग उभा राहिला! मला घेऊन! म्हणतो, जोडीदार उभ्या आहेत, आपणही उभे राहा. तुम्ही काय करताय?"

"इस्त्री."

"अहो, बसा ना! तुम्ही बसल्याशिवाय हा मला आडवं होऊ देणार नाही! बसा हो मावशी, पाया पडतो!"

"कशावर बसू?" मावशी म्हणाली. "स्टुलावर जावईबापू बसलेत."

साहेब इतके दिवस या खोलीत राबले होते, पण मावशी कुठे टेकते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कारण ती टेकतच नव्हती. आणि खरं सांगायचं तर, बोलेपर्यंत मावशीच्याही ते नीट ध्यानात आलं नव्हतं. आपल्या स्टुलावर कोणीतरी बसलंय. एवढी साधी गोष्ट. तिने फोन ठेवला, लंगडत कोपऱ्यात गेली आणि खोक्याला दोन्ही हात घातले.

"कृपया यंत्र हलवू नये," जावईबापू म्हणाले. "कृपया..."

"बसा खाली," मावशी म्हणाली. जावई असला म्हणून काय झालं?

तिने त्यांना जमिनीवर, तांब्याशेजारी ठेवलं. मग स्टुलावर बसली. पाय लांब केला. टेकडीवर साहेबांचा पलंग आडवा झाला असणार, कारण नंतर फोन आला नाही.

पण दिवा काही हिरवा होईना. जमिनीवरून जावईबापू विचार करत राहिले. त्यांच्या पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं. मग ते म्हणाले, "फरक आढळला. जोडीदार आराम करत असताना त्यांचं काम इतर माणसं करत आहेत. आपण आराम करत असताना आपलं काम कोणीही करत नाही. फरक बुजवण्यासाठी योजनेचा जवळचा माणूस पाठवत आहे."

योजनेचा जवळचा माणूस म्हणजे टायवाला. तो धापा टाकत आला. "मावशी, दिवा लाल कसा? उद्या वरिष्ठ येणार आहेत बघायला. अख्ख्या टेकडीत एकच फरक शिल्लक राहिलाय, तो तुमचा!"

"मग बुजव."

"मी यंत्रं बसवतो मावशी. फरक यंत्र बुजवतं."

"यंत्रानेच तुला पाठवलंय," मावशी म्हणाली. तिने बोट दाखवलं. एका भिंतीला कपड्यांचा ढीग, टेबलावर इस्त्री. "साहेब झोपलेत, तर त्यांची कंपनी दुसरी माणसं चालवतायत. माझी कंपनी ही."

टायवाल्याने ढिगाकडे पाहिलं. लाल दिव्याकडे पाहिलं. मग टायची गाठ सैल केली, तो काढून खुंटीला लावला आणि टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"आधी कॉलर," मावशी स्टुलावरून म्हणाली. "मग खांदा. हात थांबवू नकोस."

दिवा हिरवा झाला. "फरक शून्य," जमिनीवरून आवाज आला.

दिवसभर पोरगा राबला. हात चांगला होता. बोलतही नव्हता. काका कौतुकाने दोन-तीनदा बघून गेले. अण्णा बाळंतीण झाल्यामुळे समोर डोक्याला फडकं बांधून पडून होते, त्यांनीही तिथून शाबासकी दिली. मावशी बसून होती. गुडघ्याची सूज उतरत होती. दुकानही चालू होतं आणि पायही लांब केलेला होता, या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात हे तिला नवीन होतं.

उन्हं कलली तेव्हा टायवाला मध्येच थांबला. त्याने एक हात टेबलावर टेकवला आणि दुसरा गुडघ्यावर ठेवला. तो जावईबापूंसमोर वाकून हळूच म्हणाला, "माझा गुडघा दुखतोय."

पडद्यावर गोल गोल फिरलं.

"आपण टेकडीवरचे नाही, गल्लीतलेही नाही," जावईबापू म्हणाले. "आपल्याला जोडीदार नाही. तुलना करता येत नाही. त्यामुळे आपल्याला तक्रार नाही. अभिनंदन."

पोरगा तसाच वाकून राहिला. हे यंत्र त्याने स्वतः किती दारांत नेऊन ठेवलं होतं, आणि त्याच्यासमोर उभं राहून बोलायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

मावशी त्याच्याकडे बघत होती. खरं तर तिला हसू यायला हवं होतं. त्यानेच तर हा खोका आणून स्टुलावर ठेवला होता. पण तिला हसू आलं नाही. डॉक्टर, नर्स, तज्ज्ञ, मऊ चपलांच्या बाई, एवढी माणसं या खोलीत येऊन गेली आणि एकानेही एक साधी गोष्ट विचारली नव्हती, ती आता तिच्याच तोंडून निघाली.

"फार दुखतोय का रे?"

त्याने मान डोलावली.

"दुखत असणार," मावशी म्हणाली. "माझापण दुखतो."

"हो का?" तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "कुठे? आतल्या बाजूला?"

मावशीने गुडघ्यावर बोट ठेवून दाखवलं. मग ती स्टुलाच्या कडेला सरकली आणि उरलेल्या अर्ध्या जागेवर हाताने थोपटलं.

"इस्त्री बंद कर आधी," ती म्हणाली. "आणि ये, टेक जरा."